सोळा पानं

माझं काम झोप वाचायचं. माणसाच्या डोक्याला तारा चिकटवल्या की मेंदूतल्या लहरी पडद्यावर रेघांसारख्या सरकतात. त्यांची तीस-तीस सेकंदांची पानं असतात. प्रत्येक पानावर मी शिक्का मारते: जागा, पेंगलेला, गाढ झोपेत. जागेपणीच्या रेघा बारीक, घाईच्या; गाढ झोपेच्या संथ, रुंद. झोपेत कानावर आवाज पडला तर मध्येच एक उंच टोक उठतं. माणूस उठत नाही, पण मेंदूने ऐकलेलं असतं.

ते बसचालक काका आले तेव्हा माझी मुलगी सात महिन्यांची होती आणि मला कामावर परतून तीन आठवडे झाले होते. गाडी चालवताना दोनदा त्यांचा डोळा लागला होता, म्हणून त्यांना तपासणीला पाठवलं होतं. दिवसभरात चार वेळा अंधाऱ्या खोलीत आडवं व्हायचं. झोप किती लवकर लागते, त्यावर गाडी हातात राहणार की जाणार ते ठरणार.

पांढरी, दाणेदार पेस्ट लावून मी त्यांच्या टाळूवर तारा बसवत होते.

"ताई, झोपायची परीक्षा पहिल्यांदाच देतोय," ते म्हणाले. "लवकर झोपला तो नापास, असंच ना?"

"तसंच काहीसं."

"मग शाळेत मी रोजच नापास होतो की!"

दुसऱ्या खेपेला, अकरा वाजता, मी दिवे घालवले आणि शेजारच्या खोलीत पडद्यासमोर बसले. फोनचा आवाज बंद करून तो पालथा ठेवला. नियम साधा आहे. पडद्यावरून नजर हलवायची नाही. खोकला, आवाज, काहीही झालं की वेळेसकट नोंदवायचं. नजर हटली तर सगळ्या दिवसाची चाचणी बाद, पुन्हा नव्याने. खोलीत ऊब होती. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच मला कुणी हाक मारत नव्हतं.

जाग आली तेव्हा अकरा पंचवीस झाले होते. ओठाच्या कोपऱ्यात लाळ होती.

मी धावत जाऊन काकांना उठवलं. ते पलंगाच्या कडेला बसून राहिले.

"बाळ रडत होतं हो," ते म्हणाले.

"इथे बाळ कुठलं, काका? स्वप्न पडलं असेल."

"असेल." त्यांनी टाळूवरून बोटं फिरवली. "तुम्ही जाल म्हणून थांबलो होतो. पण तुमचाच डोळा लागलेला. राहू द्या, मी कुणाला सांगत नाही. मी त्यातलाच." मग अगदी हळू म्हणाले, "शेवटी मीच उचललं."

फोनवर सासूबाईंचे चार कॉल येऊन गेले होते. मी उलट फोन लावला.

"अगं, काय आकांत! सव्वाअकराच्या आतबाहेर सुरू झाली. कडेवर घेऊन झालं, बाटली देऊन झाली. शेवटी पाळण्यात ठेवून तुला फोन लावत होते, तर एकदम गप्प. अकरा बावीसला. कुणीतरी उचलून घेतल्यासारखी."

आमचं घर तिथून सहा किलोमीटर.

दुपारी मी पानं उघडली. अकरा चौदापर्यंत संथ, गाढ झोप. मग एक उंच टोक. मग दुसरं. आठ मिनिटं, सोळा पानं, प्रत्येक पानावर टोकंच टोकं. अकरा बावीसला ती थांबली.

मी कॅमेऱ्याचं चित्रण लावलं. काका उताणे, डोळे मिटलेले. अकरा बावीसला त्यांचे दोन्ही हात वर आले, कोपरात वळले. उजवा तळवा पसरला, लहान डोकं सावरावं तसा. हात हलके हलके झुलत राहिले.

रेघा गाढ झोपेच्याच होत्या.

"मध्ये काही आवाज झाला होता का?" डॉक्टरांनी पानं बघत विचारलं.

माझा डोळा लागला होता हे खरं सांगितलं असतं, तर चाचणी बाद झाली असती. काकांना पुन्हा एक संधी मिळाली असती. आणि कामावर परतून तीन आठवडे होत नाहीत तोच मला पुन्हा घरी बसावं लागलं असतं.

"नाही मॅडम. मशीनचा दोष वाटतो," मी म्हणाले, आणि त्या सोळा पानांवर तसाच शिक्का मारला.

संध्याकाळी घरी आले. हात धुवायला जात होते, तर सासूबाई म्हणाल्या, "हिच्या केसांत हे पांढरं काय गं? दुपारपासून निघत नाहीये."

मी बोटाने पाहिलं. दाणेदार होतं. मानेच्या जरा वर, तळवा जिथे टेकतो तिथे.

महिन्याने काका अहवालाची प्रत न्यायला आले. त्यांची गाडी गेली होती. आता डेपोत चौकशीच्या खिडकीत बसवलं होतं. मी मान वर केली नाही.

"वाईट वाटून घेऊ नका ताई," ते म्हणाले. "दिवसभर बसूनच असतो. अधूनमधून लागतो डोळा." दारात थांबून त्यांनी विचारलं, "बाळ आता कमी रडतं ना?"

मला मूल आहे हे मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं.

कमी रडते. मी घरी असले की दुपारी रडायला लागते, आणि मी पाळण्याशी पोचायच्या आत थांबते. मी उचलून घेतलं, तर माझ्या खांद्यावरून मागे बघत राहते.

आज सुट्टी आहे, सासूबाई बाहेर गेल्यात, म्हणून हे लिहायला बसले. आत्ताच आतल्या खोलीत ती रडायला लागली. मी घड्याळाकडे पाहिलं. दहा सेकंद. वीस.

तिसाव्या सेकंदाला ती गप्प झाली.

मी खुर्चीतून उठले नाही.