चारच्या बसनं येणारी आजी

“खाली वाका! आजोबा निघाले!” ब्रिटनी केळींच्या आडून कुजबुजली.

पियुष आणि अक्षया झटकन वाकले. नाताळच्या देखाव्यातला गोठा अर्धवट टाकून हे तिघं भुईगावात चक्क ब्रिटनीच्या रॉबर्ट आजोबांच्या मागावर होते! वर्षभरापासून आजोबांना नवं काही लक्षात राहत नव्हतं. त्यात ऑक्टोबरमध्ये विनीआजी वारली. तेव्हापासून ते दुपारी न सांगता गायब व्हायचे. काल तर टेम्पोखाली येता येता वाचले! म्हणून ब्रिटनीचे डॅडी, लेस्टर, त्यांना सोमवारी वृद्धाश्रमात ठेवणार होते.

“त्याआधी छडा लावायचाच!” ब्रिटनीनं बजावलं होतं.

आजोबा बसस्टॉपवर थांबले. चारची बस आली. उतरणारी प्रत्येक बाई त्यांनी निरखून पाहिली. बस गेली, तसे ते भर रस्त्यातून चालू लागले.

“आजोबा! कुठे निघालात?” ब्रिटनीनं धावत जाऊन विचारलं.

“उमेळ्याला. विनी बहिणीकडे गेलीय ना! चारच्या बसनं येणार होती.”

ब्रिटनीला रडूच फुटलं. आजी गेल्याचं ऐकलं की आजोबा ढसाढसा रडायचे. म्हणून डॅडींनी आजीचे फोटो कपाटात ठेवले होते आणि रोज सकाळी ते आजोबांना हीच थाप मारायचे.

“पण यांना सकाळचा चहासुद्धा आठवत नाही!” पियुष चक्रावला. “मग हे कसं आठवलं?”

अक्षयानं लगेच मोठ्या बहिणीला फोन लावून सगळं सांगितलं. जागृतीताई मेंदूवर संशोधन करत होती.

“एकदाच ऐकलेलं बऱ्याचदा विरून जातं गं,” ताई म्हणाली. “तेच रोज ऐकलं, की मेंदूच्या पेशीतली जनुकं कामाला लागतात. नवी प्रथिनं तयार होतात आणि दोन पेशींमधला सांधा पक्का होतो. आजोबांचा मेंदू थकलाय, बंद नाही पडला. दोन महिने रोज सांगितलंत, मग बसलं ते डोक्यात!”

“म्हणजे खोटंच पक्कं झालं?” अक्षयानं विचारलं.

“पेशींना खरं-खोटं कुठे कळतं!”

घरी हे ऐकून डॅडी भडकले. “मोठ्यांच्या भानगडीत पडू नका!”

“उद्या सकाळी काही सांगू नका. फक्त विचारा,” ब्रिटनीही हटली नाही.

सकाळी डॅडींनी विचारलं, “आई कुठेय?”

“उमेळ्याला. चारच्या बसनं येईल,” आजोबा पटकन म्हणाले.

डॅडी ब्रिटनीकडे वळले. “मला वाटलं, पाच मिनिटांत विसरतील...”

“मग खरंही बसेल, डॅडी. रोज सांगू या.”

आश्रम रद्द झाला. फोटो पुन्हा भिंतीवर लागले. मुलं रोज साडेतीनला आजोबांना खरं सांगायची आणि हात धरून दफनभूमीत न्यायची. आजोबा रोज पहिल्यांदाच ऐकल्यासारखे रडायचे. “आपण चुकलो!” एकदा पियुष म्हणाला. ब्रिटनीलाही रात्री तसंच वाटायचं. तरी शाळा सुरू झाल्यावरही तिनं नेम मोडला नाही.

फेब्रुवारीत एका दुपारी ती घरी आली, तर आजोबा दारातच उभे होते.

“चल, विनीच्या कबरीवर जाऊ.”

कुणीही सांगितलं नव्हतं! डॅडींनी तिला जवळ घेतलं. “तुम्हा पोरांना कळलं, ते मला कळलं नाही,” ते म्हणाले.

कबरीपाशी आजोबांनी क्रुसावरचं नाव वाचलं. मग हळूच म्हणाले, “ती गेली तेव्हा मी रडलो होतो का गं?”

“रोज, आजोबा.”

“बरं झालं,” ते म्हणाले आणि मेणबत्ती लावायला खाली बसले.