कार्सिक्कोचं लाकूड

त्या भागात वसंताची सुरुवात म्हणजे सरपणाचे दिवस. सकाळी बर्फ पाय रोवता येईल इतका घट्ट असतो, झाडात रस चढलेला नसतो, आणि आत्ता फोडलेलं लाकूड पुढच्या थंडीपर्यंत खडखडीत वाळतं. सावो प्रांतातल्या त्या एकाकी घरी लेम्पीनं उमेदीच्या काळात हे सगळं कुऱ्हाडीवर होताना पाहिलं होतं. नवरा आर्मास फोडायचा, ती रचायची. दुपारी दोघं ढिगावरच बसून कॉफी प्यायची आणि बोलायची नाहीत, कारण बोलायची गरज पडत नसे. पुढे ट्रॅक्टरवर चालणारं यंत्र आलं. एका टोकाला ओंडका घालायचा. करवत तो कापायची, पाचर फोडायची आणि एक लांब चढती पन्हळ तुकडे ढिगावर नेऊन टाकायची. पन्हळीच्या तळाशी चेन होती. ती एकाच दिशेनं धावायची, घराकडून ढिगाकडे. यंत्र आल्यापासून आर्मासला एक खोड लागली. वंगणाचे हात न पुसता तो घरात यायचा, दाराची मूठ काळी करायचा आणि लेम्पीची बोलणी खायचा.

त्याला जाऊन दोन हिवाळे झाले होते. सरपण विकून लेम्पी तिथेच राहत होती. यंत्र बंद पडलं की कुओपिओ शहरात लेकीच्या फ्लॅटमध्ये राहायला जायचं, असं तिनं धाकट्या दिराला, कालेर्वोला, कबूल केलं होतं. म्हणून पन्हळीतून खाडखाड आवाज येऊ लागला तेव्हा तिनं आधी रेडिओ मोठा लावून पाहिला. मग नाइलाजानं फोन केला.

कालेर्वो हत्यारांची पेटी घेऊन आला.

"चेन ताणून कधी बघितली होतीस, वहिनी?"

"मी कशाला बघू? तुझा भाऊ बघायचा."

"तो आता कुठला येतोय बघायला!"

त्यानं दातेरी चाकावरची चेन चिमटीत धरून बाहेर ओढली. चांगली चेन अशी ओढली तर जागची हलत नाही. ही दात्यांवरून उचलली गेली, खालून पलीकडचा बर्फ दिसला. "लांबलीय. कड्या खाल्ल्या गेल्यात," तो म्हणाला. मग रॉकेलच्या फडक्यानं चाक पुसलं आणि वाकून दाते बघितले.

दाते आकड्यांसारखे वाकले होते. त्यात नवल नव्हतं. दात्याची जी बाजू ओझं ओढते ती झिजते. पण ती बाजू इथे कोरी होती. झिजली होती ती पाठ.

"हे उलटं चालवलंस का?"

"ते उलटं चालतं तरी का?"

"नाही." कालेर्वोनं जरा विचार केला. "आर्मासनं जुनं चाक पलटून बसवलं असणार. एक बाजू गेली की दुसरी वापरायची. चिकटच होता तो."

लेम्पीला वेगळं आठवत होतं. आर्मासनं ते चाक नवं कोरं बसवलं होतं. त्या वेळी कंदील तिनंच धरला होता.

कालेर्वोनं चेन आणि चाक दोन्ही बदललं. चेनची टोकं जोडणारं लॉक बसवताना त्याची बंद बाजू ढिगाकडे केली. चेन धावते त्या दिशेला बंद बाजू, नाहीतर लॉक निसटतं. ओंडके घालून पाहिले; आवाज गेला. मग अंगणातच कॉफी आणि काळा पाव झाला.

"खडखड कधीपासून होती?"

"तू तो पाइन आणून टाकलास तेव्हापासून."

"वादळात पडलेला? रस्त्यात आडवा होता, ओढून आणला."

"कार्सिक्को होता तो. आर्मासचा."

कालेर्वोचा कप ओठांपाशी थांबला. शवपेटी चर्चकडे नेताना वाटेत एका पाइनपाशी सगळे थांबतात. त्याच्या फांद्या तोडतात, सालीवर गेलेल्याच्या नावाचं अक्षर कोरतात. घराच्या ओढीनं तो परत निघालाच, तर त्या झाडाशी अडतो. हे कार्सिक्कोचं झाड कोणी तोडत नाही. पडलं तर पडल्या जागी कुजू देतात.

"एवढ्या बर्फात मला काय दिसणार! लाकूड ते लाकूड."

"अक्षर तूच कोरलं होतंस."

"मग तू थांबवायचं होतंस ना! यंत्रावर तर तू होतीस."

लेम्पीनं पावाचा चुरा पक्ष्यांसाठी झटकला. फोडलेल्या तुकड्यावर अर्धं अक्षर पन्हळीवरून वर जाताना तिनं पाहिलं होतं. हात यंत्र थांबवायच्या दांड्यावरच होता. तिनं तो ओढला नव्हता.

नवी चेन बसली की दुसऱ्या दिवशी परत ताणून घ्यावी लागते. सकाळी कालेर्वो आला तेव्हा छान ऊन होतं. लेम्पीनं घराला हवा लागावी म्हणून दार उघडं टाकलं होतं. दोघं थेट यंत्रापाशी गेली.

नव्या दात्यांची पाठ रात्रीत घासून चकचकीत झाली होती.

लॉकची बंद बाजू घराकडे होती.

"वहिनी, याला हात लावलास?"

"बोटांत एवढा जोर असता तर तुला बोलावलं असतं का?"

"उलटं बसलंय."

लेम्पी वाकून बघत राहिली. "चेन घराकडे धावत असेल, तर बरोबर आहे."

कालेर्वोनं लॉक पलटलं. पक्कड दोनदा निसटली. ट्रॅक्टर सुरू केला. चेन गुपचूप धावू लागली, ढिगाकडे, काही कुरकुर नाही. त्यानं ट्रॅक्टर बंद केला.

"चालतंय. राहा तू इथेच," तो म्हणाला. पेटी उचलली, आणि कॉफीला न थांबता गेला.

लेम्पीला हेच तर हवं होतं.

ती घराकडे वळली. दार लागलेलं होतं.

वारा नव्हता.

बाहेरच्या मुठीला वंगण होतं. कालेर्वो आज घराकडे फिरकला नव्हता.

तिनं दार उघडलं, आत पाऊल टाकलं आणि सवयीनं ते मागे ओढून घेतलं.

हात चिकटला. आतल्या मुठीलाही वंगण होतं, ओलं.