काकासाहेबांचा पक्का कागद

"कागद चोरीला गेला असता तर परवडलं असतं, बाई," काकासाहेब म्हणाले. "हा तर घरातच हाय, अन् कोरा झालाय!"

त्यांनी फडक्याची गाठ सोडून लॅमिनेशन केलेला कागद टेबलावर ठेवला. काकासाहेब म्हणजे सुग्रीवचे मामा. मामाला इतकं हवालदिल त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

मामाला आष्टीहून जालन्याला, शिवकन्याताईंकडे, त्यानंच आणलं होतं. विमा कंपनीसाठी खोटे दावे पकडता पकडता ताईंनी स्वतःचं तपासाचं ऑफिस थाटलं होतं. सुग्रीव त्यांची गाडी चालवायचा, आणि जमेल तेवढं डोकंही. डोकं जरा उशिरा सुरू व्हायचं, एवढंच.

मामांची हकिगत सरळ होती. त्यांची मुलगी राजनंदिनी हिला परतूरच्या शाळेत नोकरी लागली होती. सोमवारी रुजू व्हायचं होतं. पण लहानपणापासून तिच्या उजव्या पायात बळ नाही. बसची पायरी चढताना जीव जातो. म्हणून मामांनी जालन्याच्या एका शोरूममध्ये खास गाडी सांगितली, ब्रेक आणि रेस हातानं मारता येतील अशी. खास मागवायची म्हणून आगाऊ रक्कम परत मिळणार नव्हती. त्याच भीतीनं मामांनी भाव लिहून घेतला होता.

"आता गाडी आली, तर म्हणतेत हाताच्या कंट्रोलचे दीड लाख येगळे. उद्या भरा, न्हाईतर आगाऊ रक्कम बुडाली. कुठून आणू, बाई? पोरगी दोन दिस झाले नीट जेवली न्हाई."

"भाव लिहिला कुणी?" ताईंनी विचारलं.

"कल्याण म्हणून पोरगं हाय तिथं. कॉम्प्युटर बंद हाय म्हणला. छापील कागदावर हातानं भाव लिहिला, सही केली. मंग मला दुसरा पेन दिला, मी सही केली, त्यानं शिक्का मारला. लई गुणी पोरगं. काका, घरी गेल्या गेल्या लॅमिनेशन करून घ्या म्हणला, कागद जन्मभर टिकतो."

"फोटो काढला? झेरॉक्स?"

"माझा फोन बटनाचा. अन् झेरॉक्स कशाला? असलीच पक्का केला की!"

यात सुग्रीवला काही वावगं वाटलं नाही. त्याच्या घरी मार्कशीटपासून रेशनकार्डापर्यंत सगळं प्लास्टिकात बसलेलं होतं.

ताईंनी कागद उजेडात धरला. छापील ओळी जागच्या जागी. शिक्का ठसठशीत. मामांची सही स्पष्ट. कोऱ्या होत्या त्या दोनच जागा, भावाची आणि कल्याणच्या सहीची. वर प्लास्टिकवर हळदीकुंकवाची बोटं होती.

"सही तुमचीच?"

"माझीच. देव्हाऱ्यात ठिवून, हळदीकुंकू लावून ट्रंकेत ठिवला. काल काढला, तर हे असं."

"म्हणजे कागद बदललेला नाही," ताई पुटपुटल्या.

दुपारी आष्टीच्या बाजारात त्यांनी लॅमिनेशनवाल्या मच्छिंद्रला गाठलं.

"कागदावर काही लिहिलेलं होतं का?"

"बाजारचा दिवस व्हता, ताई. मशीन तापली, कागद घातला, काढला, पेपरात गुंडाळून दिला. वाचायला टाइम कुठं?"

"तू काही पुसलंस?"

"पुसायला ती काय पाटी हाय?" मच्छिंद्र चिडला.

घरी मामांचा मुलगा भारत ओट्यावर बसला होता. गाडीऐवजी ट्रॅक्टर घ्या म्हणून त्यानं महिनाभर धोशा लावला होता, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक. ट्रंकेची किल्लीही त्याच्याकडेच.

"भांडलो, हे खरं हाय," तो म्हणाला. "पण बहिणीच्या पोटावर पाय देईन व्हय मी?"

परतताना सुग्रीवनं निकाल देऊन टाकला. "भारतच हाय, ताई. किल्ली त्याची, राग त्याचा."

"मग प्लास्टिकच्या आतली शाई त्यानं कशी काढली? कडा कुठं उचकटलेली दिसली तुला?"

सुग्रीवनं आरशात पाहिलं. मामा मागच्या सीटवर कागद छातीशी धरून बसले होते.

शोरूममध्ये कल्याण हसतमुख होता. "काका, मी काही लिहिलंच नव्हतं. भाव नंतर भरू म्हणालो होतो. तुम्ही विश्वासानं कोऱ्यावर सही केलीत."

मामांच्या तोंडचं पाणी पळालं. चोराच्या उलट्या बोंबा ऐकून सुग्रीवच्या मुठी वळल्या. ताई मात्र शांतपणे म्हणाल्या, "राहू द्या. मलाही एक गाडी घ्यायची आहे. माझा चौकशीचा फॉर्म भरा."

कल्याणनं खिशातला पेन काढला. पत्ता लिहिताना तो चुकला, आणि पेनाच्या मागच्या रबरी टोकानं त्यानं अक्षरं घासली. डाग न राहता ती गेली.

ताईंनी मामांचा कागद सुग्रीवच्या हातात दिला. "समोरच्या आइस्क्रीमवाल्याकडं जा. डीप फ्रीझरमध्ये अगदी तळाला, बर्फाला चिकटवून ठेव. मी फोन केला की आण."

"आइस्क्रीम?"

"नको."

ताईंनी मालकाला बोलावून घ्यायला लावलं. पुंजारामशेठ येईपर्यंत बराच वेळ गेला. फ्रीझरपाशी उभ्या सुग्रीवला घाम फुटला होता. मामांची सगळी आशा कुल्फ्यांखाली ठेवून हे काय चाललंय, त्याला कळेना.

अखेर फोन आला. तो धावत आला आणि कागदाकडे बघून दारातच थबकला.

"आधी माझं ऐका, शेठ," ताई म्हणाल्या. "कागदावर तीन खुणा टिकल्या. छपाई, शिक्का आणि काकांची सही. गेलं ते फक्त एका पेनाचं लिखाण. म्हणून काकांना सहीला दुसरा पेन दिला गेला. घरच्या कुणाला प्लास्टिकच्या आतलं पुसता येणार नाही, आणि मच्छिंद्रनं तर नेहमीचंच काम केलं. मग शाई गेली कधी? त्या तापलेल्या मशीनमध्ये. ह्या पेनाची शाई उष्णतेनं अदृश्य होते. रबरी टोकानं घासलं की घर्षणाची उष्णता तेच करते, आत्ता माझ्या फॉर्मवर झालं तसं. आणि लॅमिनेशन करायला सांगितलं कुणी? कल्याणनंच. आपल्याकडचा माणूस कागद जपायचा म्हणजे काय करतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. वरचे दीड लाख कुणाच्या खिशात जाणार होते, तेही त्यालाच विचारा."

"हे नुसतं बोलणं झालं," कल्याण म्हणाला. आवाज मात्र बसला होता.

"बरोबर. पण ती शाई कडक थंडीत परत दिसू लागते. सुग्रीव, दाखव."

दव धरलेलं प्लास्टिक सुग्रीवनं बाहीनं पुसलं. आत फिकट निळी अक्षरं उमटली होती. हाताच्या कंट्रोलसह पूर्ण भाव. खाली कल्याणची सही.

पुंजारामशेठनी ती अक्षरं दोनदा वाचली. मग कल्याणपुढे हात करून काकांच्या गाडीची किल्ली मागून घेतली. "उद्यापासून येऊ नकोस," ते म्हणाले. "काका, ठरल्या भावात गाडी तुमची. माझा शब्द."

"शब्द नगं, शेठ. लिहून द्या." काकासाहेबांनी बंडीच्या खिशातून स्वतःचा पेन काढून पुढे केला. "ह्यानं लिहा. अन् आधी झेरॉक्स, बराबर?"

शेठनी मुकाट्यानं लिहून दिलं. मामांनी एकेक आकडा मोठ्यानं वाचला आणि बटनाचा फोन कानाला लावला.

"नंदे, जेवून घे. सोमवारी शाळंत तुझी गाडी तूच न्यायची."

मामांनी डोळे पुसले. त्यांनी फोन सुग्रीवच्या हातात दिला, आणि तिकडं राजनंदिनीही नुसती रडत होती.