लागेल तेव्हाची ड्युटी

अमरावतीच्या त्या दवाखान्यात कोणी रजेवर गेलं की मेट्रन बाहेरच्या नर्सना फोन फिरवायच्या. एकदा घाईघाईत त्यांनी एकाच ड्युटीला दोघांना बोलावलं. मूर्तिजापूरहून प्रणाली धापा टाकत पोचली, तर अंजनगाव सुर्जीचा एक उंच, हसरा नर्स आधीच हात धुऊन उभा!

"तुमी करा ड्युटी," तो म्हणाला. "मी जातो वापस."

"अन् येवढ्या दुरून आले कायले मंग?"

"ते मालूम नाही... पन आता फुकट आलो असं नाही वाटत," म्हणाला आणि स्वतःच लाजला. हा गजेंद्र.

त्यानंतर मेट्रन शहाण्या झाल्या. दोघांना बोलावलंच तर दिवसाला ती, रात्रीला तो. भेट काय ती ड्युटी बदलताना, पाच-दहा मिनिटांची.

"सुंदराबाईची गोळी एसओएस हाय," तो सांगायचा. म्हणजे दुखलं तरच द्यायची. "पन गुडघ्याचं ऑपरेशन होऊन बी बाई मांगतच नाही. मले काई नाई झालं म्हनते."

"विचारूनबी नाही सांगतलं त?"

"तोंड पाहाचं. समजते." आणि तो तिच्याच तोंडाकडे बघत राहायचा...

मग माझं कसं नाही समजत, हे अगदी तिच्या ओठांवर यायचं.

सगळा वॉर्ड त्याला 'ब्रदर' म्हणायचा. प्रणालीच्या जिभेवर तो शब्द काही केल्या चढेना. ती आपली 'अहो' म्हणून वेळ मारून न्यायची. सुंदराबाईंनी एकदा पकडलंच.

"काय वं पोरी, थ्याले अहो कावून म्हनतं? नवरा हाय का तुहा?"

कधी कधी मात्र आठवडा उलटायचा, फोन नाही. मोबाईल उलटा ठेव, पुन्हा सरळ कर... जीव नुसता टांगणीला. कोणीतरी आजारी पडावं, कोणाच्या तरी घरी लग्न निघावं, असं तिला वाटायचं आणि मग नर्स असून हे काय मागते मी, म्हणून ती स्वतःच्याच गालावर चापट मारून घ्यायची. कधी ड्युटी मिळायची, पण संध्याकाळी दारातून भलतंच कोणी यायचं. मग परतीच्या गाडीत तिला रडू आवरायचं नाही.

एका संध्याकाळी तो पावसात ओलाचिंब होऊन आला.

"सोमवारपासून अकोल्याले जाऊन राहिलो. पक्की नोकरी भेटली."

"वा! पेढे कुठी हायेत?" ती हसली. "मंग... इथचे फोन नाही घेनार आता?"

"कसे घेनार?"

"अन् मी इथं कोनासाठी येऊ?"

"मले वाटलं, तुमी ड्युटीसाठी येता."

"मूर्तिजापूरले काय दवाखाने नाहीत?"

केसांतलं पाणी त्याच्या कपाळावर ओघळत होतं. ते पुसायचंही त्याला सुचलं नाही.

"अंजनगावातबी हायेत," तो हळूच म्हणाला. "मी बी कुठी तिथं जातो... माय-बाबाले पाठवू तुमच्या घरी? इतवारी?"

"पाठवा."

रविवारी नेमका मेट्रनचा फोन आला. "प्रणाली, लगेच नीघ. तिघी रजेवर आहेत." एकदा नाही म्हटलं की पुढचे फोन बंद होतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आजवर तिने एकही ड्युटी नाकारली नव्हती. दारात गजेंद्रची माय चपला काढत होती.

"आज नाही जमत, मॅडम," ती म्हणाली. "घरी पाहुने आले हायेत... मले पाहाले."