गाळणीवरचा वड

"पूनम, अकरापर्यंतच नावं घेतात तिथं! टेबलावरचं कापड घेतलं का? कुलदीप, पळ, वड खाली आण. अन् हळू आण बे!" समीक्षाची सकाळपासून धांदल चालली होती.

तिचा धाकटा भाऊ कुलदीप पळाला. पण खाली आला तो रिकाम्या हातांनी!

"ताई, वड नाही हाये!"

"कुलदीप, आज मस्करी नोको!"

"देवाशप्पथ! जिन्यात पाह्यलं, गच्चीवर पाह्यलं. बाकीच्या कुंड्या हायेत. वडच नाही!"

तेरा वर्षांच्या समीक्षाच्या पायांखालची जमीनच सरकली. चार वर्षांपूर्वी रंगराव आजोबा मळ्यातल्या हौदाच्या फटीतून हा वड उपटून फेकणार होते. समीक्षाने तो हट्टाने मागून घेतला, बोन्साय करायला उथळ ट्रेत लावला, तार गुंडाळून फांद्या वळवल्या, मुळं छाटली आणि उन्हाळ्यात न चुकता दोन वेळा पाणी घातलं. वीतभर उंचीचा वड आता शंभर वर्षांचा असल्यासारखा दिसायचा. आजोबांना मात्र ते कौतुक नव्हतं. "एवढं मोठं झाड, अन् पोरगी ताटात बसवते!" असं ते येता-जाता म्हणत. आज मंगल कार्यालयातल्या झाडांच्या प्रदर्शनात आजोबांना हाताला धरून न्यायचं आणि लोक काय म्हणतात ते ऐकवायचं, असं तिने ठरवलं होतं.

"चोरी!" कुलदीप ओरडला.

"बाकीच्या कुंड्यांतले गुलाब सोडून पानं नसलेलं झाड कोन चोरीन?" चष्मा वर सरकवत पूनम म्हणाली. पूनम समीक्षाची मैत्रीण. तिला दुसऱ्यांच्या घरातल्या वस्तूही पाठ असत.

तिचं खरं होतं. वडावर सध्या एकही पान नव्हतं. अठरा दिवसांपूर्वी समीक्षानेच ती सगळी काढली होती. झाड तब्येतीत असलं की उन्हाळ्यात असं करतात. मग नवी पानं येतात ती लहान येतात, आणि छोट्या झाडाला शोभतात. कालच फांद्यांवर लाल कोंब दिसले होते.

"काल संध्याकाळी अविनाशकाकानं गच्चीले चुना मारला," समीक्षा आठवून म्हणाली. "म्या त्याआधीच कुंड्या जिन्यात आणून पाणी घातलं. लवकर शोधलं पाह्यजे! या उन्हात उथळ माती दुपारपर्यंत कोरडी होते. वड मरून जाईन!"

काका पहाटेच्याच बसने खामगावला गेले होते आणि फोन लागत नव्हता. अंगणात त्यांची स्कूटी उभी होती. कुलदीप तिच्यापाशी वाकला आणि किंचाळलाच.

"ताई! पाय ठेवाच्या जागी विटांचा चुरा! हा वडाच्या मातीतला हाये. म्याच चाळला होता!"

"अन् जिन्यातला काच फुटलेला गणपतीचा फोटो कुठं गेला?" पूनमने विचारलं. "परवा होता."

समीक्षा एकदम थांबली. "पारावर! काकाले वाटलं, झाड वाळलं. पण वड कचऱ्यात कसा टाकावा? म्हणून फोटोसंगं मारुतीच्या पारावर ठेवून आला! चला!"

गावात फुटलेले देवाचे फोटो, वाळलेली तुळस, सगळं त्या पारावरच येऊन पडायचं. तिघं धापा टाकत पोचली. गणपतीचा फोटो होता. त्याच्या बाजूला धुळीत ट्रेचा चौकोनी ठसा होता. ट्रे नव्हता!

समोरच कलाबाई रुईची पानं निवडत बसल्या होत्या. शनिवारी मारुतीला लागणाऱ्या माळा त्याच विकत.

"आजी, इथं बुटकं झाड होतं. कोनं नेलं?"

"ते व्हय? काल रात्री दर्शनाले आला होता इंद्रभान, नर्सरीवाला. वाकून पाह्यलं, हसला, अन् उचलून घेऊन गेला."

"हसला!" समीक्षाच्या डोक्यात प्रकाश पडला. "त्याले कोंब दिसले! आता तो वड प्रदर्शनात ठेवीन! पूनम, तू घरी जा. आईले अन् आजोबाले घेऊन मंगल कार्यालयात ये!"

आणि खरंच! कार्यालयात मधल्या टेबलावर समीक्षाचा वड ऐटीत बसला होता. पुढे कार्ड होतं: 'इंद्रभान नर्सरी'.

"हा माहा वड हाये!" समीक्षा म्हणाली.

"अवं पोरी, वड का एकच असते?" इंद्रभान हसला. "जाय, खेळ तिकडं."

परीक्षक अनुपमा मॅडम जवळ आल्या. "तुझा आहे, तर सिद्ध करता येईल?"

"हो. आधी त्यांना विचारा, पानं कशी गळली?"

"उन्हानं गळली. दुसरं काय!" इंद्रभान म्हणाला.

"मॅडम, फांद्या बघा. देठांचे बुडखे आहेत. उन्हाने पान देठासकट गळतं. मी कात्रीने पान कापलं आणि देठ ठेवला, म्हणजे कोंबाला धक्का लागत नाही. आता त्यांना विचारा, माती सांडू नये म्हणून ट्रेच्या भोकावर काय लावलंय?"

"जाळी! आमच्या नर्सरीची काळी जाळी. साऱ्याच कुंड्यांत राह्यते."

मॅडमनी ट्रे दोन्ही हातांनी उचलला आणि खालून पाहिलं. भोकातून चहाने तपकिरी पडलेली पिवळी जाळी दिसत होती.

"अगंबाई, माही चहाची गाळणी!" पूनमसोबत नुकतीच पोचलेली आई ट्रेखाली वाकून ओरडली. "वर्षभरापासून शोधून राह्यली मी! शेजारनीवर संशय घेतला!"

हॉलभर हशा पिकला. इंद्रभानने मान खाली घातली. "पारावर टाकलेलं दिसलं. मले वाटलं, कोनाचंच नाही."

"मग तुमचं कसं झालं?" मॅडमनी विचारलं. इंद्रभानने स्वतःच ते कार्ड उचलून खिशात टाकलं. अकरा वाजायच्या आत तिथे समीक्षाच्या नावाचं कार्ड लागलं.

समीक्षाने मातीला बोट लावून पाहिलं. माती ओली होती. "पण दादा, तुम्ही पाणी घातलं. म्हणून तो जगला," ती म्हणाली. इंद्रभान आणखीच ओशाळला.

दुपारी निकाल लागला. बोन्सायमध्ये पहिला नंबर, समीक्षा! "एवढ्या वयात इतकी समज आणि इतका धीर मी पाहिला नव्हता," मॅडम सर्वांसमोर म्हणाल्या. "आणि शोध लावणाऱ्या या दोघांसाठीही टाळ्या!" कुलदीपने तर वाकून नमस्कारच केला. काकांचा फोन तेवढ्यात लागला आणि आईने बाहेर जाऊन बराच वेळ त्यांना ऐकवलं.

रंगराव आजोबा मात्र वडासमोरून हलले नव्हते.

"याले म्या उपटून फेकनार होतो," ते हळूच म्हणाले. मग त्यांनी धोतराचा सोगा सावरला, टेबलापाशी खुर्ची ओढली आणि प्रदर्शन संपेपर्यंत तिथेच ठाण मांडलं. येणारा प्रत्येक माणूस विचारायचा, "बाबा, पानं काऊन नाहीत?"

"काढली हायेत. देठ ठेवून काढा लागतात, तवा नवी बारीक येतात," आजोबा सांगायचे. "हात नोका लावू, कोंब कवळे हायेत. माह्या नातीचा वड हाये हा. माह्या नातीचा!"

समीक्षाने ते लांबून ऐकलं. हातातला बक्षिसाचा कप पूनमकडे देऊन ती आजोबांच्या खुर्चीशेजारी जाऊन उभी राहिली.