खोट्यांच्या भिंतीवरचा आठवा टायर

ही गोष्ट कुणालाही खरी वाटणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. गेल्या अकरा वर्षांत ती मी निदान दोनशे वेळा सांगितली असेल, आणि दोनशेही वेळा ऐकणाऱ्याने कॉफीचा पेला खाली ठेवून माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी त्याचा खिसाच कापलाय. पण शेतकऱ्यांच्या संताची, सान इसिद्रोची शपथ घेऊन सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे. तर...

एक टायर पळाला.

मार्लेनी सुएस्कूनच्या, म्हणजे माझ्या भाचीच्या, पिकअपमधून, लोमा फ्रियाच्या चढावर, जून महिन्याच्या भुरभुर पावसात. मागची फळी नीट लागली नव्हती. टायर उतरला, उभा राहिला, क्षणभर विचार केल्यासारखा थांबला आणि जो सुटला तो बटाट्याच्या शेतातून, दोन कुंपणांवरून उड्या मारत, एका गाईला असा घाबरवून गेला की तिने तीन दिवस दुधाऐवजी थेट चीजच दिलं. मार्लेनी त्याच्या मागे ओरडत पळत होती, जणू तो ऐकून थांबणार होता.

तो थांबला. रस्त्याकडेला एक तरुण मोटरसायकलवर चार खुर्च्या उलट्या बांधत होता, त्याच्या छातीवर आपटून थांबला. दोघेही आडवे झाले. तरुण उठला, टायर उभा केला, त्याच्यावरचा चिखल अंगावरच्या लोकरी रुआन्याने पुसला आणि धापा टाकत आलेल्या मुलीकडे पाहून म्हणाला,

"तुमचा का हो हा?"

"माझाच. लागलं का फार?"

"मला नाही. त्याला विचारा. एवढ्या लांबून कुणाला तरी भेटायला निघाला होता बिचारा, आणि मध्ये मी आलो."

मार्लेनीला हसू आलं. तिच्या पापण्यांवर पावसाचे बारीक थेंब होते, ते हसताना सांडले. तरुणाने ते पाहिलं, आणि गाठ बांधायची दोरी त्याच्या हातातच राहिली.

त्याचं नाव येसिद पाचोन. सोगामोसो गावचा सुतार. खुर्च्या चालल्या होत्या वर, मोटरसायकलींच्या ट्रॅकवरच्या कँटीनला.

"गाडी नुसती खुर्च्यांसाठीच का?" मार्लेनीने विचारलं. "की ट्रॅकवरही चालवता?"

आता इथे साधं 'नाही' म्हणायचं होतं. पण टायर ढकलत दोघं पिकअपपाशी आली होती, आणि येसिदची नजर सीटवर पडलेल्या तिच्या हेल्मेटवर गेली. त्यावर लाल चकती होती.

"चालवतो ना," तो म्हणाला. "लाल गटात."

लोमा फ्रियाच्या ट्रॅकवर महिन्यातून एक रविवार मोटरसायकलवाल्यांचा असतो. शर्यत नाही, बक्षीस नाही. आरसे काढायचे, दिव्यांवर चिकटपट्टी लावायची आणि पोट भरेपर्यंत वळणं घ्यायची. तीन गट. हिरवा शिकाऊंचा, पिवळा मधल्यांचा, लाल वेड्यांचा. कोण कुठल्या गटात, हे कुणी तपासत नाही; आपला वेग आपणच सांगायचा, आणि सांगितला की तो खरा मानायचा. आमच्या बोयाका प्रांतात माणसाच्या शब्दाला मान आहे. नवराबायको, गाय, कुत्रा... सगळ्यांशी इथे अहो-जाहोच चालतं.

आणि शब्द खोटा निघाला तर? तर कँटीनची भिंत आहे.

जोरात वळण घेणाऱ्याचा टायर कडेपर्यंत झिजतो. भित्र्याच्या टायरला कडेला बोटभर कोरी पट्टी राहते. ती पट्टी म्हणजे चारचौघांत चड्डी दिसण्यासारखं. म्हणून काही पठ्ठे घरी रात्रभर बसून ती पॉलिश पेपरने घासून काढतात. असा कुणी सापडला, की त्याचा टायर कँटीनच्या भिंतीवर खिळ्याला लागतो, खाली पांढऱ्या रंगात नाव. कायमचा. सात टायर होते तेव्हा. त्यातल्या एकाचा मालक व्हेनेझुएलाला निघून गेला, एकाने मोटरसायकल सोडून तबला... नाही, ट्रॉम्बोन धरला.

ते सातही टायर पकडले होते मार्लेनीने. ट्रॅकवर टायरचं दुकान तिचं, आणि टायर ती असा वाचायची की बस. एकदा एका पाद्र्याच्या मागच्या चाकाकडे पाहून तिने विचारलं होतं, "फादर, शेजारच्या गावात आठवड्यातून तीनदा कोण आजारी असतं हो?"

तर सप्टेंबरच्या रविवारी सकाळी सात वाजता, तोंडातून वाफ निघावी अशा थंडीत, येसिद तिच्या तंबूसमोर येऊन उभा राहिला. कातडी सूट भाड्याचा, बाह्या तोकड्या. हेल्मेटवर नवी कोरी लाल चकती.

"ओळखलंत का?"

"छातीवरून ओळखलं," मार्लेनी म्हणाली. "बोला. काय हवंय?"

"टायर. ते गुळगुळीत असतात ना, शर्यतीचे, तसले."

"टक्कल पडलेले." तिने वही काढली. "मग काही विचारते, खरं खरं सांगायचं. टायर निवडायचा तर डॉक्टरपुढे बसल्यासारखं बसावं लागतं. वजन?"

"बहात्तर."

"नाश्त्याआधी की नंतर?"

"तुमच्यासमोर आल्यावर थोडं कमी झालं असेल."

वही खाली गेली नाही, पण वहीच्या वरचे डोळे हसले. "ट्रॅकवर किती दिवस झाले?"

"झाले... बरेच."

"मोठ्या वळणावर ब्रेक कुठे मारता?"

"मी?" येसिदने तोकड्या बाह्या खाली ओढल्या. "मी शक्यतो मारतच नाही."

शेजारच्या खांबाला टेकून इल्मर उभा होता. लाल गटातला, आपल्या कौतुकाने कायम फुगलेला. तो खदखदून हसला. "वा, राजे! आमच्या मागे या मग. तुम्हाला ब्रेकच नकोत, आम्ही उगाच पैसे घालवतोय."

मार्लेनी मागच्या चाकापाशी वाकली. टायर जुना, कडक, लांब पल्ल्याचा. ओझं वाहायला उत्तम, खुर्च्या न्याव्यात. कडेवरून तिने अंगठा फिरवला... आणि अंगठा तिथेच थांबला.

वळणात झिजलेल्या रबराला बारीक सुरकुत्या पडतात, कडेला रबराचे दाणे गोळा होतात. इथे दाणे नव्हते. आडवे, सरळ, एकसारखे ओरखडे होते. आणि काय घासलं होतं! इतकं सफाईदार काम तिने आयुष्यात पाहिलं नव्हतं. जणू टायर नव्हे, एखाद्या नवरीच्या पलंगाचा पाय होता.

तिने मान वर केली. येसिदचे कान लाल झाले होते. थंडीने नव्हे.

"काय म्हणतो टायर?" इल्मरने मान पुढे काढली.

मार्लेनीने खिशातलं फडकं काढून कडेवर टाकलं. का टाकलं, हे तिला तेव्हा सांगता आलं नसतं. सात जणांच्या वेळी तिने एकदाही फडकं काढलं नव्हतं.

"म्हणतो, चिखल लागलाय," ती म्हणाली. मग येसिदकडे वळून, हळू आवाजात, "ऐका माझं. गुळगुळीत टायर गरम झाला तरच धरतो. या थंडीत तीन फेऱ्या तो साबणासारखा असतो. मी तो तुम्हाला देणार नाही. आणि आज हिरव्या गटात जा. थंडी आहे, असं सांगा."

येसिदने इल्मरकडे पाहिलं. मग तिच्या हेल्मेटवरच्या लाल चकतीकडे. "नको," तो म्हणाला. "आहे त्यावर जातो. लाल म्हणजे लाल."

आणि गेला की हो!

मार्लेनी तंबूत उभी राहिली. तोंड उघडावं, तर संध्याकाळपर्यंत याचा टायर भिंतीवर. गप्प बसावं, तर पहिल्याच मोठ्या वळणावर पुढचा वाकेल तसा हा वाकायला जाणार, मागून वीस जण येणार... तिच्या डोळ्यांपुढे तो भाड्याचा सूट आला, तोकड्या बाह्यांचा, डांबरावरून घसरत जाणारा. तीन महिन्यांपूर्वी भेटलेल्या, चारच वाक्यं बोललेल्या माणसासाठी एवढं घाबरायचं काही कारण नव्हतं. पण घाबरली.

तिने व्हॉल्व्हची पिन काढायचं छोटं हत्यार मुठीत घेतलं आणि धावली.

लाल गट रांगेत उभा होता, इंजिनं गुरगुरत होती. येसिद सगळ्यात शेवटी. बुटाची नाडी बांधतेय असं दाखवत ती त्याच्या मागच्या चाकापाशी बसली. एक पीळ, दुसरा, आणि सुर्रर्र... टायरवालीने गिऱ्हाइकाच्या टायरची हवा सोडली! आमच्या धंद्यात याहून मोठं पाप नाही. दुधवाल्याने भरल्या पातेल्यात पाय बुडवण्यासारखंच.

रांग सुटली. येसिदची गाडी बसकण मारून तिथेच.

"हे काय केलंत?" हेल्मेट काढून तो ओरडला.

"ढकला गाडी. तंबूमागे चला."

तंबूमागे कुणी नव्हतं. फक्त टायरांची चळत आणि किटलीत उकळणारं गुळाचं पाणी. मार्लेनीने पेला भरला, इकडच्या रिवाजाप्रमाणे त्यात चीजचा तुकडा टाकला आणि त्याच्या हातात दिला.

"कितीचा पॉलिश पेपर?" तिने विचारलं.

पेल्यातलं चीज त्याने बोटाने खाली दाबलं.

"आधी ऐंशी," तो म्हणाला. "मग... एकशे वीस."

"एकशे वीससुद्धा! आता टायरला वॉर्निशही लावायचं होतंत."

"आणलं होतं," येसिद म्हणाला. "धीर झाला नाही."

ती हसली, तोही हसला.

"ट्रॅकवर कधी चालवलीय?"

"कधीच नाही."

"मग लाल गट कशाला? जीव नकोसा झालाय का?"

"तुम्ही लाल गटात आहात म्हणून," तो म्हणाला. पेल्याकडे बघूनच. "त्या दिवशी तोंडातून निघून गेलं. मग वाटलं, खोटं बोललोच आहे तर... खरं करून दाखवू."

"टायर घासून?"

"सुतार आहे हो मी. मला दुसरं काय येतं?"

मार्लेनीने पुन्हा वही उघडली. पेन्सिल उगाचच जरा चाचपडली. "पुन्हा पहिल्यापासून. वेग?"

"सायकलवाले मागे टाकतात."

"भीती वाटते?"

"वळणाची फार. तुमची... थोडी जास्त."

तिने आतून एक जोड काढला. मध्ये कडक, कडांना मऊ, पाऊस आलाच तर पाणी कापायला खाचा. "हा लवकर गरम होतो. चूक केलीत तर रागवत नाही, आधी कुजबुजून सांगतो. हवा थोडी कमी ठेवते. हा तुमचा."

टायर बदलून झाले. घासलेला टायर तिने गुपचूप चळतीच्या तळाशी सारला. "हा कुणाला दिसायचा नाही," ती म्हणाली.

येसिद वाकला, तो टायर ओढून काढला, खांद्यावर टाकला आणि कँटीनकडे चालू लागला.

"अहो! अहो, वेडे झालात का?"

लाल गट नुकताच परतला होता, कँटीन भरलेलं. येसिदने मोजून, फळ्यांच्या सांध्यात बरोबर बसेल असा खिळा ठोकला, टायर टांगला आणि रंगाचा ब्रश मागून घेतला. खाली नाव लिहिलं. सुरेख, सरळ, ठसठशीत. बाकीची सात नावं त्यापुढे कोंबडीने लिहिल्यासारखी दिसायला लागली.

"मी लाल गटातला नाही," तो म्हणाला. "मी कुठल्याच गटातला नाही. आज पहिला दिवस आहे."

इल्मरने शेरा मारायला तोंड उघडलं. पण कुणीच हसत नाहीये हे त्याला दिसलं, तेव्हा त्याने त्या उघड्या तोंडात चीजचा अख्खा पाव, आल्मोहाबाना, घातला.

दारात मार्लेनी उभी होती. आजवर आठ जण सापडले, पण आपल्या हाताने खिळा ठोकणारा एकच. तिने आपलं हेल्मेट उचललं, नखाने लाल चकती खरवडून काढली आणि तिथे हिरवी चिकटवली. लोमा फ्रियाची सगळ्यात वेगवान मुलगी!

"माझ्या मागे राहायचं," ती येसिदला म्हणाली. "मी पाहते तिकडे पाहायचं. टायरकडे नाही, चाकाकडे नाही... माझ्याकडे."

"ते जमेल," येसिद म्हणाला.

त्या दिवशी दोघांनी ज्या संथपणे फेऱ्या मारल्या, तशा जगात कुणी मारल्या नसतील. एक फेरी चाळीस मिनिटांची. मध्ये त्या गाईने त्यांना दोनदा मागे टाकलं. मोठ्या वळणावर ती हात मागे करून 'आता' म्हणून खूण करायची, आणि तो वाकायचा. आधी इंचभर, मग दोन इंच, आणि शेवटच्या फेरीला असा वाकला की मार्लेनी हेल्मेटच्या आत मोठ्याने ओरडली. ढग फाटले, उतरतं ऊन डांबरावर पडलं. गाड्या थांबल्या. येसिद खाली उतरला, हेल्मेट काढलं, सगळ्या गर्दीसमोर एक गुडघा टेकला आणि खणखणीत आवाजात त्याने तिला मागणी घातली. आणि मार्लेनी... मार्लेनी लाजून अशी काही चूर झाली, की पदरा... आपलं, रुआन्यात तोंड लपवून—

"मी? लाजले? खोटं! साफ खोटं, मामा! ह्यांच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. मीच विचारलं, यापुढचे सगळे रविवार माझ्याबरोबर काढाल का म्हणून. आणि हे काय म्हणाले, ते सांगा ना सगळ्यांना! म्हणाले, 'हवा किती ठेवू?'"