उलट्या चुण्यांचा रोल

कुरियरच्या ऑफिसात त्याचा नंबर सोळा होता आणि माझा सतरा. पुढचं सगळं त्या नंबरांमुळे घडलं, असं मी म्हणते. मामा म्हणतो, "नंबरांवर कशाला ढकलतेस? तुझा आगाऊपणा पुरेसा होता."

बाहेर भुरभुर पाऊस होता. माझ्या पुढचा तो उंच माणूस काउंटरवरच्या मुलीशी हुज्जत घालत होता. त्याचे केस ओले होते आणि शर्टाची एक बाही दुमडलेली, दुसरी सुटलेली.

"परत आलंय म्हणजे काय?"

"घेणाऱ्याने परत पाठवलंय, सर. कारण लिहिलंय — अस्सल नाही."

तो वळला. ऐकायला मीच होते, म्हणून त्याने मलाच सांगितलं, "अस्सल नाही म्हणे!"

आता दुसऱ्याच्या भांडणात नाक खुपसू नये, हे मलाही कळतं. पण 'अस्सल' हा शब्द ऐकला की माझे कान टवकारतात.

"काय नाही अस्सल?"

"नाण्यांचा रोल. माझ्या बाबांनी बँकेत स्वतःच्या हाताने बांधलेला, पैसे भरून घरी आणलेला. पंचेचाळीस वर्षं कपाटात होता. आता आम्ही लहान घरात राहायला आलो, म्हणून बाबा म्हणाले, कदर असेल त्याच्याकडे जाऊ दे. साइटवर टाकला, विकलाही गेला. आणि मग कुणीतरी भिंगवाली नावाची बाई —"

मी हातातल्या नंबराच्या चिठ्ठीकडे पाहू लागले.

"— तिने फोटोखाली लिहिलं, 'चुण्या उलट्या आहेत. रोल फोडून पुन्हा बांधलेला दिसतो. सावध राहा.' झालं! आमचे बाबा एका ओळीत भामटे ठरले!"

भिंगवाली म्हणजे मी.

मामाचं जुन्या नाण्यांचं दुकान आहे आणि शाळेपासून मी त्याच्या हाताखाली शिकले. पूर्वी बँकेत कोरी नाणी आली की पन्नास-पन्नासचा गठ्ठा खाकी कागदात गुंडाळायचे आणि दोन्ही टोकांना कागदाच्या चुण्या मुडपून बंद करायचे. तो कागद आजवर कुणी उघडला नसेल, तर रोल अस्सल. ऑनलाइन बाजारात मात्र लबाडांचा सुळसुळाट. आतली चांगली नाणी काढून घ्यायची, झिजलेली भरायची, टोकांना दोन चकचकीत ठेवायची, की झाला 'न उघडलेला रोल' तयार. अशांना पकडणं हा माझा छंद. खरं सांगायचं तर घमेंडसुद्धा.

"कशी असेल हो ही भिंगवाली?" मी शक्य तितक्या भोळेपणाने विचारलं.

"साठीची. नाकावर चष्मा. शेजारणीने वाळत घातलेल्या कपड्यांतही खोट काढणारी."

"चष्मा नसेलही…"

तो हसला. हसताना त्याचा डावा गाल आधी हसायचा, उजवा मागून यायचा. खिशातून त्याने पेपरमिंटच्या गोळ्यांची नळी काढली, एक मला दिली आणि कागदाचं टोक पुन्हा नीट मुडपून बंद केलं. त्या वेळी मी त्याच्या बोटांकडे पाहायला हवं होतं. मी पाहत होते त्या गालाकडे.

"माफ करा. तिचा राग मी तुमच्यावर काढतोय."

"काढा, काढा," मी म्हटलं आणि पावतीच्या मागे दुकानाचा पत्ता लिहिला. "उद्या अकराला रोल घेऊन इथे या. भिंगवाली इथेच बसते."

दुसऱ्या दिवशी तो अकराला पाच मिनिटं कमी असताना आला. काउंटरमागे मी, डोळ्याला भिंग.

"तुम्ही?"

"वय साठ. चष्मा घरी विसरले."

कोपऱ्यात मामाने वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं होतं. ते हलत होतं.

"काल सांगता आलं नाही?"

"तुम्ही बोलू दिलंत कुठे?"

तो हसेल असं वाटलं होतं, पण हसला नाही. रोल काउंटरवर ठेवून हळू आवाजात म्हणाला, "बाबा एकोणचाळीस वर्षं कॅशियर होते. एक नाणं कधी इकडचं तिकडे झालं नाही. रोज संध्याकाळी बँकेतल्या जुन्या मित्रांत जाऊन बसायचे, ते बंद झालंय. रविवारी तुमच्या नाणेसंग्राहकांची सभा आहे ना? तिथे अध्यक्ष 'फसवणूक कशी ओळखावी' यावर बोलणार आहेत. पडद्यावर फोटो आमच्या रोलचा. आणि बाबांचे निम्मे मित्र तुमच्या मंडळाचे सभासद."

मला हे ठाऊक नव्हतं.

"मला रोल विकायचा नाही आता," तो म्हणाला. "बाबांचं नाव तेवढं परत हवंय."

मी रोल हातात घेतला. वजन अचूक पन्नास नाण्यांचं. निळ्या बत्तीखाली धरला, तर कागद काळाच राहिला. नवा कागद त्या उजेडात चमकतो. शिक्का बँकेचाच, शाई जुनी. सगळं बरोबर होतं, पण दोन्ही टोकांच्या चुण्या डावीकडे वळलेल्या.

"या बँकेचे साठेक रोल मी पाहिलेत. एकूण एक उजवीकडे वळतात."

"म्हणजे बाबा खोटं बोलतात?"

"मी तसं म्हटलं नाही…"

"लिहिलंत."

मी भिंग खाली ठेवलं. जन्मात पहिल्यांदाच, असं मामा नंतर सगळ्यांना सांगत होता.

"रोल ठेवा. नीट पाहा," दारातून तो म्हणाला. "मी तुम्हाला न बघता तुमच्याबद्दल बोललो आणि तोंडघशी पडलो. तुम्हीही रोल हातात न घेताच लिहिलंत."

तो गेला. काउंटरवर त्याची पेपरमिंटची नळी तेवढी राहिली.

दुपारपर्यंत मी त्या रोलवर डोळे फोडले. शेवटी डोकं चालेना, म्हणून गोळी घ्यायला नळी उचलली. आणि हात थांबला. वरच्या टोकाला त्याने मुडपलेल्या बारीक, नेटक्या चुण्या… सगळ्या डावीकडे.

साइटवरच्या जाहिरातीत त्याचा नंबर होता, मी फोन लावला. "तुम्ही डावखुरे आहात?"

"हो. का, स्थळ बघताय?"

"आणि बाबा?"

पलीकडून अगदी बारीक आवाज आला, "बाबापण. मला त्यांनीच शिकवलंय… अहो…"

"फोन ठेवा," मी म्हटलं. "मला काम आहे."

साठ रोल पाहिले, साठही उजव्या हाताच्या माणसांनी बांधलेले, आणि मी ठरवून टाकलं की जग उजव्या हाताचंच आहे! पण नुसत्या डावखुरेपणाने रोल अस्सल ठरत नाही. चुण्यांच्या मधोमध भोक राहतं, त्यातून टोकाचं नाणं दिसतं. उघडं राहिलेलं नाणं वर्षानुवर्षं हवेने काळवंडतं, कागदाखालचं उजळ राहतं. मी सुईच्या टोकाने कागदाची कड केसभर उचलली. भोकाच्या कडेला एक इवलीशी फाट होती. नाण्यावरच्या काळ्या डागालाही त्याच जागी, तशीच इवलीशी फाट, तिथूनही हवा लागून पडलेली. कुणी रोल उघडून पुन्हा बांधला असता, तर या दोन फाटा एकमेकींवर कधीच बसल्या नसत्या.

"मामा," मी म्हटलं, "माझं चुकलं."

मामाने वर्तमानपत्र खाली ठेवलं. "मला काय सांगतेस? ज्याचं गेलं त्याला सांग."

साइटवर मी तेच लिहिलं, 'माझं चुकलं. रोल अस्सल आहे. बांधणारा डावखुरा होता.' खाली तासाभरात उत्तरं. एकाने लिहिलं, 'विक्रेता देखणा दिसतोय!' आणि अध्यक्षांनी, 'रविवारी सभेत बघू.'

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. बाबा खिडकीशी बसले होते, किडकिडीत, पांढराशुभ्र शर्ट, गळ्यापर्यंत बटणं. मी माफी मागितली. त्यांनी आपला डावा हात उलटा-सुलटा करून पाहिला.

"शाळेत मास्तरांनी यावर पट्ट्या मारल्या. बँकेत साहेब म्हणायचे, सरळ हाताने बांध. आता इंटरनेट. या हाताला काही निवृत्ती मिळत नाही, बघ पोरी."

मला रडू आवरेना. तो दारात चहाचे कप घेऊन उभा होता, चहा निवेपर्यंत तसाच.

"चूक कुठे लिहिलीस?" बाबांनी विचारलं.

"सगळ्यांसमोर."

"मग दुरुस्तीही सगळ्यांसमोर. कॅशियरचा नियम आहे. मीही येतो."

रविवारी सभागृह खचाखच भरलेलं. मागच्या रांगेत बाबांचे मित्र मान खाली घालून बसले होते. पडद्यावर रोलचा फोटो आला, तशी मी उठून उभी राहिले. या लोकांत मला मान होता तो एकाच गोष्टीसाठी, भिंगवालीचा शब्द खोटा पडत नाही म्हणून. आज तोच शब्द मला माझ्या हाताने खोडायचा होता.

"हा रोल बनावट आहे असं मी लिहिलं. मी फोटो पाहिला, रोल पाहिला नाही. ती माझी चूक."

कुजबुज सुरू झाली. अध्यक्ष मिशीतल्या मिशीत हसले. "डावखुरेपणाची गोष्ट वाचली आम्ही. गोड आहे. पण पुरावा म्हणाल तर एकच. फोडा रोल. नाणी बघू."

"फोडा!" दोन-तीन आवाज आले.

फोडला की संपलं. पंचेचाळीस वर्षं एका क्षणात जाणार आणि हाती राहणार पन्नास सुटी नाणी. बाबा उठले. त्यांनी रोल घेतला आणि अंगठा चुण्यांवर ठेवला. "फोडतो. रोल गेला तरी चालेल, नाव नको जायला."

"बाबा, थांबा!" मी ओरडले. त्यांना पहिल्यांदाच बाबा म्हटलं होतं, पण तेव्हा कुणाचं लक्ष असणार!

नाही, एकाचं होतं. त्याचे कान लाल झालेले मी पाहिले.

मी रोल त्यांच्या हातून घेतला आणि पडद्याला जोडलेल्या कॅमेऱ्याखाली उभा केला. पडद्यावर भोक थाळीएवढं दिसू लागलं. सुईने कड उचलली. कागदाची फाट, खाली डागाची फाट. कड सोडली, दोन्ही एक झाल्या. पुन्हा उचलली, पुन्हा सोडली.

"पंचेचाळीस वर्षांत हे नाणं जागचं हललेलं नाही," मी म्हटलं. "दुसरं टोकही असंच आहे. या, पाहा."

अध्यक्ष आले. त्यांनी स्वतःचं भिंग लावलं, दोन्ही टोकं पाहिली, पुन्हा पहिलं पाहिलं. तेवढ्यात बाबांनी पिशवीतून सुटी नाणी आणि खाकी कागद काढला. डाव्या हाताची बोटं अशी फिरली की डोळ्यांना पकडता येईनात. गुंडाळलं, ठोकलं, मुडपलं. दहा सेकंदांत नवा रोल टेबलावर उभा. सात चुण्या, सगळ्या डावीकडे. शेजारी जुना रोल. त्याच्याही सात.

आधी मागची रांग उठली. "अरे, हा तर आपला डावरा!" त्यांतला एक म्हातारा ओरडला, आणि मग टाळ्यांनी छत दणाणलं. अध्यक्षांनी घसा साफ केला. "अस्सल," ते म्हणाले. मग जरा पुढे झुकून, "काय घ्याल याचं?"

बाबांनी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. एकोणचाळीस वर्षांचा कॅशियर त्यांच्या आवाजात उतरला.

"वेळ संपली, साहेब. काउंटर बंद."

इतकं हसू त्या सभागृहाने कधी ऐकलं नसेल. मित्रांनी बाबांना मध्ये घेतलं. मी पायऱ्यांवर येऊन उभी राहिले. पाऊस थांबला होता. मागून तो आला.

"भिंगवाली."

"हं?"

"आज तू… तुम्ही…"

"तूच बरं आहे."

"आज तू जिंकलीस. हरलेली बाजू घेऊन जिंकलीस." तो थांबला. "बाबा विचारतायत, तुला रोल बांधता येतो का?"

"नुसता पारखता येतो. तोही कधीकधी."

"मग पुढच्या रविवारी घरी ये. ते शिकवणार आहेत. मीही… असेन घरात. म्हणजे, माझंच घर आहे ते."

पुढच्या रविवारी गेले. त्याच्या पुढच्याही. मामाने दुकानाच्या दारावर 'रविवारी भिंग मिळणार नाही' अशी पाटी लावायची धमकी दिली. बाबा कान पकडून शिकवत होते आणि माझ्या चुण्या कायम वाकड्या येत होत्या, त्यातून उजवीकडे.

चौथ्या रविवारी बाबा आत चहा टाकत होते. त्याने माझ्यासमोर एक खाकी रोल ठेवला. आत पेपरमिंटच्या गोळ्या होत्या. एका टोकाला सात नेटक्या चुण्या, डावीकडे. दुसरं टोक उघडंच.

"हे अर्धवट का?"

"एक टोक मी बांधलंय," तो म्हणाला. डावा गाल हसू लागला होता, उजव्याला धीर होत नव्हता. "दुसरं… तू बांधशील? घाई नाही. विचार करून…"

मी साठ रोलांवरून चुकीचं अनुमान काढणारी बाई. पण या एका रोलबद्दल मला भिंगाचीही गरज वाटली नाही.

"मला तू आवडतोस," मी म्हटलं. "कुरियरच्या ऑफिसातच आवडलास, मला साठीची ठरवलंस तेव्हा. आण इकडे."

मी मुडपायला घेतलं. बोटं घसरत होती, कारण त्यांवर त्याची बोटं येऊन थांबली होती. कशाबशा सहा चुण्या झाल्या. सगळ्या उजवीकडे.

बाबा ट्रे घेऊन आले. आम्ही हात मागे घेतले, पण रोल टेबलावर उभाच होता. त्यांनी माझं भिंग उचललं, चष्म्यावर धरलं, एक टोक पाहिलं, रोल उलटा करून दुसरं पाहिलं. मग मुलाकडे, मग माझ्याकडे.

"एका टोकाला डाव्या, दुसऱ्याला उजव्या," ते म्हणाले. "बँकेत हा चालला नसता."

आम्ही दोघं श्वास रोखून बसलो.

"घरात चालेल," ते म्हणाले, आणि रोल उचलून कपाटात त्या जुन्या रोलशेजारी ठेवून आले.